वसूल कुणाच्या नावे?

शके १७४०, बहुधान्यनाम संवत्सर, चैत्र शुद्ध चतुर्दशी. नाशिककडच्या वणीत ऊन चढलंय. तुम्ही गावचे कुलकर्णी, ओसरीवर मांडी घालून बसला आहात. कागदावर आधी आडवी रेघ ओढलीत. आता बोरू शाईत बुडवून त्या रेघेखाली मोडी अक्षरं टांगत जायची, शक्यतो हात न उचलता.

पण बोरू थांबलाय. राजदेहेरचा किल्ला पडून आठवडा झाला. इंग्रज कर्नल मॅकडॉवेलची फौज त्र्यंबकच्या किल्ल्यावर चालली आहे. शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण लागून पाच महिने होत आले, आणि श्रीमंत बाजीराव पेशवे कुठे आहेत हे बाजारात प्रत्येक जण वेगळं सांगतो. सप्तशृंगीदेवीच्या यात्रेला निघालेली माणसं वेशीपाशी पाणी पिऊन गडाची वाट धरताहेत. तुमच्यापुढे मात्र एकच सवाल आहे: या सालचा वसूल कुणाच्या नावे लिहायचा?

मान वर करा. समोर सप्तशृंग, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, अहिवंत. आठवड्याभरात त्र्यंबक पडेल आणि त्या धसक्यानं आसपासचे १७ किल्ले न लढताच खाली होतील. ३ जूनला बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या हवाली होतील. याच वर्षी कॅप्टन ब्रिग्ज हे डोंगर पाहून टिपणं करेल. अहिवंत त्याला अवाढव्य, बेढब, उजाड आणि रोगट वाटेल. तुम्ही लहानपणापासून पाहत आलेला डोंगर परक्याच्या वहीत असा उतरेल, आणि १८८३च्या नाशिक गॅझेटियरमध्ये तसाच छापला जाईल.

गड तोफेनं घेता येतो. वणीत कुणाची किती जमीन, कोणता इनाम कधीपासूनचा, पाटीलकीचा मान कुणाचा, हे तोफ सांगत नाही. ते सांगतात तुमचे कागद. म्हणून इंग्रजांचा कमिशनर एल्फिन्स्टनसाहेबाला पुण्यातलं पेशव्यांचं दफ्तर हवं आहे. रोजकीर्दी म्हणजे रोजच्या नोंदी, घडणीचे म्हणजे खातेवार कागद, प्रांतांचे हिशेब, सगळं. हरलेल्या राज्याचा कारभार त्याच राज्याच्या हस्ताक्षरातून समजून घ्यायचा आणि पुढे चालवायचा. १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाचा अहवाल तो लिहील, त्यामागे अशा कागदांचा आधार असेल. लढाईपेक्षा हे माझ्या मनाला जास्त लागतं.

आता पुढे या. १८५२. इनाम कमिशन दारात आहे: सनद दाखवा, नाहीतर इनाम गेला. तुमचा नातू माळ्यावरून गाठोडी उतरवतो. कसरीनं खाल्लेला कागद उलगडताना त्याचे हात कापतात. कमिशनच्या काळात ठिकठिकाणांहून गोळा झालेले असे कागद पुण्याच्या दफ्तरात 'जमाव' या नावानं बसले आहेत.

आणखी पुढे, १९४६. जपान हरला आहे आणि तिथे उतरलेल्या दोस्तांच्या फौजेत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण आहे, ब्रिगेडियर थिमय्यांच्या ब्रिगेडमध्ये. या वेळी मराठी बोलणारा शिपाई परक्याच्या ओसरीसमोर बंदूक घेऊन उभा आहे. हरलेल्यांचे कागद इथेही जिंकणाऱ्यांकडे गेले: दोस्तांच्या सेन्सॉरकडे गेलेली १९४५ ते १९४९ची जपानी वृत्तपत्रं, मासिकं, पुस्तकं आज अमेरिकेत, मेरिलँड विद्यापीठाच्या प्रँग संग्रहात आहेत. मूळ प्रती पाहायच्या तर जपानी अभ्यासकांना तिकडे जावं लागतं.

आज, तुमचे कागद पाहायला तुम्हाला फक्त पुण्याला जायचं आहे. पुराभिलेखागाराची दगडी इमारत. आत ३०,०००हून अधिक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली गाठोडी. संशोधकांना हे दार वर्षानुवर्षं जवळपास बंद होतं. रियासतकार सरदेसायांनी १९३०पासून त्यातून निवडलेले कागद ४५ खंडांत छापले, तेव्हा कुठे थोडा उजेड पडला. उरलेले कागद मोडी वाचणाऱ्याची वाट पाहत पडून आहेत.

तुमच्यापुढे रुमाल येतो. गाठ सुटते. कागद उलगडताना दोनशे वर्षांपूर्वी शाई टिपायला भुरभुरलेली वाळू टेबलावर सांडते. वरची रेघ सरळ आहे. खालची अक्षरं एकमेकांना धरून पळताहेत, आणि तुम्हाला त्यातलं एकही वाचता येत नाही.

शेजारच्या टेबलावरची मुलगी मोडीच्या वर्गाला जाते. ती वाकून पाहते, ओळीवर बोट ठेवते आणि हळूच म्हणते, "हा व. आणि पुढे णी."