उत्तराची जागा

जुन्या नियतकालिकाचा अंक हाती आला की मी अग्रलेखाआधी वाचकांच्या पत्रांचे पान शोधतो. संपादकाला काय सांगायचे आहे ते अग्रलेखातून कळते. त्याची ऐकून घेण्याची तयारी किती, ते या पानावरून. छापील मजकूर मुळात एकतर्फी. त्यात वाचकाच्या उत्तरासाठी जागा कशी राखली गेली आणि त्या जागेची किंमत कोणी मोजली, हे पाहण्यासारखे आहे.

बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. एकाच पानावर शेजारी शेजारी दोन रकाने, एक मराठी आणि एक इंग्रजी. राज्यकर्ते आणि प्रजा यांनी एकमेकांचे म्हणणे वाचावे, हे त्या मांडणीतूनच सुचवलेले होते. पुढे भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये १८४८ पासून गोपाळ हरी देशमुखांची शतपत्रे येऊ लागली. समाजावर इतकी कठोर टीका करणारा हा मजकूर पत्राच्या रूपात आला, आणि त्याखाली सही होती 'लोकहितवादी'. लेखक सरकारी नोकरीतला. टोपणनावाचा आडोसा देणारी पत्राची जागा नसती, तर एवढे मोकळे लेखन झाले असते का, याची मला शंका वाटते.

१ जुलै १८७९ पासून हिंदुस्थानात पाव आण्याचे पोस्टकार्ड मिळू लागले आणि उत्तर देणे स्वस्त झाले. पुढे जोडकार्डे आली. त्यात उत्तराचे कोरे कार्ड पाठवणाऱ्याच्याच खर्चाने जोडलेले असे. समोरच्याने बोलावे असे वाटत असेल तर आधी आपली पदरमोड करावी, हे त्या कार्डाने साध्या रीतीने दाखवले.

पण पदरमोड नेहमी पैशांचीच नसते. कराड तालुक्यातल्या टेंभूत जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. त्यांच्या मतांना विरोधकांनी उत्तर दिले ते पुण्याच्या रस्त्यावर, त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढून. आगरकरांनी लेखणी खाली ठेवली नाही.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी तर वाचकांच्या प्रश्नांपायीच शिक्षा भोगली. जुलै १९२७ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात कामजीवनाविषयी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे दिली जात. जे घरात विचारता येत नव्हते, ते लोक या मासिकाला विचारत. १९३४ मध्ये त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांची बाजू मांडली, तरी दंड झालाच. विचारणारे अज्ञात राहिले. कोर्टात उभा राहिला तो संपादक. तरीही मासिक बंद पडले नाही. कर्वे १९५३ मध्ये वारले, तोवर ते चालूच होते.

आणि पानावरची जागाच बंद झाली तर? १९७५ मध्ये आणीबाणी लागली, वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी आली. त्याच वर्षी कराडला साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. जे छापणे कठीण झाले होते, ते दुर्गाबाईंनी तिथे बोलून दाखवले, आणि कैदेतून नुकत्याच सुटलेल्या, आजारी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सभेला उभे केले. पुढे दुर्गाबाईंनाही तुरुंगात जावे लागले. छापील पानाने नाकारलेले उत्तर कृष्णा-कोयनेच्या संगमावरच्या या गावात मांडवाखाली उमटले.

'आपला अभिप्राय कळवा' ही ओळ आज जागोजागी दिसते. चौकट आखणे सोपे आहे. ती ज्याने आखली, तो आलेल्या उत्तराचे ओझे उचलणार आहे का, हे मात्र त्या ओळीवरून कळत नाही. जांभेकरांच्या दोन रकान्यांपासून कराडच्या मांडवापर्यंत वाचकांनी आणि श्रोत्यांनी कोणावर विश्वास ठेवला, याचे उत्तर मला त्या ओझ्यातच सापडते.