खुराक ज्याचा, पारख त्याची

२०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली. संघ मैदानात उतरण्याआधी खेळाडूंचा लिलाव झाला आणि माणसावर बोली लागते ही गोष्ट वाळवा तालुक्यातल्या घराघरांत टीव्हीवरून पोचली. तेव्हापासून एक समज पक्का होत गेला आहे. होतकरू पोराला लवकर हेरायचं, तो पुढे किती मोलाचा ठरेल याचा अंदाज बांधायचा आणि त्या अंदाजावर आज पैसा लावायचा, ही विद्या म्हणे बाहेरून आली: अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉलपटूंना टिपत हिंडणाऱ्यांकडून निघून, आयपीएलच्या वाटेने, आपल्या कबड्डीपर्यंत. लिलावाचा हातोडा बाहेरचा आहे, यात वाद नाही. पारख मात्र इथली आहे, आणि तिचं कूळ काढायचं तर आष्ट्याच्या पंचक्रोशीतल्या जत्रांच्या कुस्ती मैदानापर्यंत मागे जावं लागतं. खेळाचं प्रेम वगैरे सगळं खरं, पण या पारखीला जन्म दिला तो खुराकाच्या खर्चाने. खुराक देणारा हात जसजसा बदलत गेला, तसतसं पोरात काय बघायचं हेही बदलत गेलं.

पैलवान घडवणं हे मुळात न परवडणारं काम. दूध, तूप, कुंडीत घोटलेली बदामाची थंडाई, मटण. पहाटे जोर-बैठका, मग मातीतली लढत, दुपारी सक्तीची झोप, संध्याकाळी पुन्हा मेहनत. म्हणजे ऐन कष्टाच्या वयातला एक गडी शेतातून कमी होतो आणि वर चार माणसांचं खातो. बेताच्या शेतकरी घराला हे पेलत नाही. भार बाहेरच्या कुणीतरी उचलावा लागतो, आणि उचलणारा सगळ्यांचा भार उचलत नाही. निवड इथे सुरू होते. कोल्हापुरात हा भार राजर्षी शाहू महाराजांनी घेतला. १८९४ मध्ये गादीवर आल्यावर त्यांनी तालमींना आश्रय दिला, पंजाबचे नामांकित मल्ल बोलावले, खासबागचं मैदान बांधून घेतलं. दरबार खुराक देणार म्हटल्यावर तो कुणाला द्यायचा हेही दरबारच ठरवणार. खुल्या मैदानात वजनगट नव्हते. त्यामुळे दरबारी नजर साहजिकच उंचापुऱ्या, रुंद हाडापेराच्या पोरावर जायची. हाड दांडगं असलं की खुराक अंगाला लागतो, हा त्यामागचा सरळ हिशेब.

आष्टा या छत्राखाली नव्हतं. कृष्णा आणि वारणा यांच्या मधल्या या पट्ट्यात संस्थानी आणि खालसा मुलूख शेजारी शेजारी होते. आष्ट्यासह वाळवा तालुका इंग्रजी अमलातल्या सातारा जिल्ह्यात, पूर्वेला पटवर्धनांची सांगली, दक्षिणेला वारणेपलीकडे कोल्हापूर. दक्षिण सातारा असा वेगळा जिल्हा झाला तो १९४९ मध्ये, आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. खालशातला कलेक्टर काही पैलवानाला थंडाई पाजणार नव्हता. अशा गावांत पैसा यायचा तो जत्रेच्या पट्टीतून, म्हणजे शंभर घरांतून थोडाथोडा. गावाचा पैसा म्हटला की गाव हिशेब मागणार. कुठल्या पोरावर किती इनाम ठेवलं आणि कुस्ती तेवढ्या तोलाची झाली का, याचं उत्तर पंचांना भर मैदानात द्यावं लागे. दरबारात चूक झाकली जाऊ शकते. जत्रेत ती सगळ्यांच्या देखत होते. म्हणून मला ही गावकीची पारख दरबारी पारखीपेक्षा जास्त कसाची वाटते.

मैदानातल्या मोठ्या कुस्त्या आधीच ठरतात, त्यांची नावं पोस्टरवर छापली जातात. पारख चालते ती दुपारी, रेवड्यांवरच्या आणि लहानसहान इनामांच्या कुस्त्यांत, कारण तिथे जोड जागच्या जागी लावायची असते. हलगी कडकडत असते. लंगोट कसलेली पोरं मैदानाच्या कडेला दाटीवाटीने बसलेली. पंच एकाचा हात धरून उठवतो, दुसऱ्याला समोर उभा करतो. खांद्याला खांदा लावून उंची बघतो, मानेवरून हात फिरवतो, दंड दाबतो, मनगट मुठीत धरून बघतो. कान मुडपलेला दिसला तर पोरगं मातीत बरंच घासलेलं आहे हे न विचारता कळतं. अशा पोराला त्याच्याच वजनाच्या कोऱ्या कानाच्या पोरासमोर घालत नाहीत. मग नजर दोघांच्या वस्तादांकडे. एखादा वस्ताद लांबूनच मान हलवतो, ‘जड जातंय आमच्याला’, की जोड फुटते आणि पोरगं पुन्हा खाली बसतं. पंचाची कसोटी दोन्हीकडून लागते. जोड विषम लागली तर कुस्ती पापणी लवायच्या आत निकाली होते आणि लोक पंचाचाच उद्धार करतात. फारच सारखी लागली तर दोघं एकमेकांची मान धरून झुलत राहतात, शेवटी बरोबरीत सोडवावी लागते आणि इनाम वाटून जातं. अंदाज बांधणाऱ्याचाच अंदाज त्याच दुपारी तपासून निघतो, अशी सोय जगातल्या फार थोड्या निवडसमित्यांत असेल.

याच गर्दीत सांगली-कोल्हापूरच्या तालमींतले वस्ताद बसलेले असत. गेल्या साली रेवडीवर लढलेलं पोर यंदा रोख इनामावर लढतंय का, पाठीवर पडता पडता कसं सावरतंय, हरल्यावर आखाड्यात रेंगाळतंय की तडक कपड्यांकडे जातंय, हे त्यांच्या डोक्यात नोंदलं जायचं. वही नव्हती, जत्रांमागून जत्रा फिरणाऱ्या माणसांची आठवण हीच वही. पसंत पडलेलं पोर तालमीत आलं की ते अमक्याचा पट्ठा म्हणून ओळखलं जाई, आणि त्याने पाठ टेकली की वस्तादाचंही नाव खाली येई. १९६० चे हिंदकेसरी गणपत आंदळकर शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे, १९६४ चे मारुती माने कवठेपिरानचे. म्हणजे आष्ट्याच्या दोन बाजूंची ही दोन खेडी. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत या दोघांनी प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणलं. मैदानी मातीतली पारख आंतरराष्ट्रीय तराजूतही उतरली, याला यापेक्षा मोठा पुरावा नको.

पण हीच पारख कुठे चुकते हेही त्याच मुलखाने दाखवून दिलं आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत होते. उंची बेताची, अंगलट किरकोळ. कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत त्यांना आधी उतरूच देत नव्हते, प्राचार्यांकडे दाद मागून ते उतरले आणि थोराड गड्यांना त्यांनी पाडलं, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचा त्यांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. तिथे फ्लायवेट गटात ते सहावे आले. १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं. १९५२ च्या हेलसिंकीसाठी त्याच माणसाला दारोदार मदत मागावी लागली आणि प्राचार्य बाळासाहेब खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. बँटमवेटमधलं कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, त्यातून आलं. ही गोष्ट सहसा गुरूच्या त्यागाची म्हणून सांगतात. मला ती बाजारभावाचीही वाटते. सत्तावन्न किलोच्या गड्याला खुल्या मैदानात भाव नव्हता, म्हणून जत्रेच्या पंचाला त्याचं मोल दिसायचं कारण नव्हतं. वजनगटांनी त्याला मोल आणलं, पण त्या मोलावर पैसा लावणारा धनी तीन वर्षांपूर्वीच गेला होता. डोळा आणि खिसा यांची इतकी उघड फारकत पुन्हा क्वचितच दिसली असेल.

अमेरिकेचा दाखला इथे उपयोगी पडतो, तो वेगळ्या कारणासाठी. तिथल्या व्यावसायिक फुटबॉल संघांनी कॉलेजच्या खेळाडूंची पहिली वाटणी १९३६ मध्ये केली. नव्वदएक नावं फळ्यावर लिहिली होती. सगळ्यांत आधी निवडलेला जे बरवांगर व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. मग पूर्णवेळ हेर आले, ताफे आले, १९८० च्या दशकापासून तर सगळ्या होतकरूंना एके ठिकाणी जमवून चाळीस यार्डांची धाव, उडी, उचललेलं वजन असं सगळं मोजायची रीत पडली. तरीही २००० साली टॉम ब्रेडीचं नाव १९९ व्या क्रमांकावर पुकारलं गेलं, आणि पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले. म्हणजे मोजमापही चुकतं. पण त्या देशाला ही चूक परवडते, कारण कॉलेजची चार वर्षं खुराक विद्यापीठ घालतं. क्लबला तयार पीक मिळतं; त्याला फक्त तोलून घ्यायचं असतं. आपल्याकडेही १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ झालं, आंतरविद्यापीठ स्पर्धा आल्या, खेळाडूला कॉलेजं फी-सवलत देऊन ओढू लागली. पण फी-सवलतीने बदाम येत नाहीत.

यावर एक आक्षेप चटकन येईल, आणि तो रास्त आहे. वस्तादाच्या डोळ्याचं हे कौतुक म्हणजे जुन्याचं स्मरणरंजन. तो डोळा ओळखीपाळखीचा होता, ज्या पोराला जत्रेला न्यायला कुणी नाही ते त्याला कधी दिसलंच नाही. १९९६ मध्ये राज्य सरकारने क्रीडा प्रबोधिनी सुरू केली ती नेमकी हा दोष काढायला. आठ ते चौदा वयाच्या मुलांच्या नऊ चाचण्या: उंची, वजन, तीस मीटर धाव, जागेवरून लांब उडी, उभी उडी, मेडिसीन बॉल फेक, लवचिकता, शटल रन आणि आठशे मीटर. इथे कुणाचा पट्ठा आहेस हे विचारत नाहीत. कोल्हापुरात तालमींच्याच नावाने फुटबॉल संघ खेळतात, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार. त्या शहरातला अनिकेत जाधव पुण्याच्या प्रबोधिनीतून पुढे गेला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. याहून बोचरा पुरावा मुलींचा आहे. महिला महाराष्ट्र केसरी ही स्पर्धा पहिल्यांदा भरली २०२३ मध्ये, सांगलीतच, आणि ती जिंकली सांगली-आष्टा रस्त्यावरच्या तुंगच्या प्रतीक्षा बागडीने. पुरुषांची पहिली महाराष्ट्र केसरी १९६१ ची. मधल्या बासष्ट वर्षांतला बराच काळ याच गावांतल्या मुलींकडे मल्ल म्हणून फारसं कुणी बघितलं नव्हतं. कारण त्यांच्यावर इनाम ठेवणारं मैदान फारसं नव्हतं.

आक्षेप मान्य करूनही माझा मुद्दा उरतो, उलट पक्का होतो. प्रबोधिनीच्या चाचण्या सरस ठरल्या त्या घड्याळ आणि टेप बिनचूक असतात म्हणून नव्हे. निवडलेल्या मुलाच्या राहण्या-खाण्याची जबाबदारी सरकार घेतं, तेव्हाच त्या चाचणीला अर्थ येतो. नऊ चाचण्या घेऊन मुलाला घरी पाठवलं असतं तर हाती फक्त एक तक्ता राहिला असता. आणि मैदानात जे कळतं ते त्या तक्त्यात येत नाही, हेही आहेच: तीस मीटर धावताना समोर कुणी अडवणारा नसतो. दोन्ही एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत, पण खुराकावाचून दोन्ही पांगळ्या.

कबड्डीत हे आज सगळ्यांत स्पष्ट दिसतं. लीग येण्याआधी चांगल्या खेळाडूचं मोल म्हणजे नोकरी. मुंबईतल्या कंपन्या, बँका, रेल्वे, पोलीस आपापल्या संघांसाठी गावोगावच्या स्पर्धांतून पोरं टिपत, आणि दरमहा पगार हाच त्यांचा खुराक. पगार वर्षानुवर्षं द्यायचा म्हणून ते टिकाऊ, शिस्तीचा खेळाडू बघत. लीगचं मोल एका हंगामाचं. वाळवा तालुक्यातल्याच कासेगावचा काशिलिंग आडके पहिल्या हंगामापासून दिल्लीकडून खेळला आणि त्याच्या चढाया देशभर गाजल्या. चंदगडकडचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये यू मुंबाला ३६.४ लाखांना मिळाला, आणि एका हंगामानंतर तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतलं. वर्षात चौपट भाव म्हणजे पहिल्या वेळची पारख तीन चतुर्थांश चुकली होती, असं कुणी म्हणेल. तसं नाही. लीगवाले घडलेल्या खेळाडूची किंमत लावतात, घडणाऱ्याची नाही. तो घडत असताना त्यांचा काही खर्चच झालेला नसतो, त्यामुळे आधी बघण्याची घाईही नसते.

संघांनी अलीकडे नव्या तरुण खेळाडूंना लिलावाबाहेर करारात घ्यायला सुरुवात केली आहे; ती थोडीशी जुन्या तालमीच्या वाटेवरची पावलं आहेत. पण चौदा ते एकोणीस या वयाचा खर्च अजून घराबाहेरच्या कुणाच्या फारसा अंगावर नाही. प्रबोधिनीत मोजक्यांची सोय होते, नोकरी मिळायला वय कमी पडतं, लीगला अजून नाव माहीत नसतं. या पाच वर्षांत आष्ट्या-बागणीकडच्या पोराचा खुराक कारखान्याच्या ऊसबिलातून निघतो. घरात दोन पोरं असली तर कुणाला सरावाला पाठवायचं आणि कुणाला पाणी पाजायला रानात, याचा निवाडा बाप करतो, तोही बिल किती आणि कधी जमा झालं ते बघून. लीगच्या हेरापर्यंत जे पोचतात ते या पहिल्या चाळणीतून उरलेले. तालुक्यात गुणवत्ता किती, याचा आकडा त्यांच्यावरून काढायला जाणारा माणूस फार तर ऊसदराचा अंदाज काढत असतो.