तंबाखू नियंत्रण, बुलढाणा जिल्हा : आंतरराष्ट्रीय सहकार्य

तंबाखूचा वापर घटवणारे कायदे, जनजागृती, पाहण्या आणि व्यसनमुक्ती सेवा यांना आंतरराष्ट्रीय करार व परदेशी संस्थांकडून मिळणारे पाठबळ. विदर्भाच्या पश्चिम टोकाला, मध्य प्रदेशाला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात ते सरकारी नियम, शाळा आणि सिनेमागृहे यांच्या वाटेने पोहोचते.

जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण करार मे २००३ मध्ये संमत झाला. भारताने त्याला ५ फेब्रुवारी २००४ रोजी मान्यता दिली. भारताचा ‘कोटपा’ हा तंबाखू नियंत्रण कायदाही २००३ चाच, त्यामुळे तो करारातून जन्मला असे म्हणणे बरोबर नाही. शाळेपासून १०० यार्डांच्या आत विक्रीबंदी ही कोटपाचीच तरतूद. शाळेबाहेर रस्त्यावर दिसणारी पिवळी रेघ ही हद्द दाखवते.

सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे ‘मुकेश’ ही जाहिरात. त्यातला तरुण भुसावळचा. भुसावळ म्हणजे जिल्ह्यातल्या मलकापूरहून मुंबईकडे निघाले की पुढचे जंक्शन. वर्षभर गुटखा खाल्ला आणि तोंडाचा कर्करोग झाला, हे तो मुंबईच्या टाटा रुग्णालयातून स्वतः सांगतो. ऑक्टोबर २००९ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी तो गेला. या मोहिमेला ‘वर्ल्ड लंग फाउंडेशन’ची मदत होती आणि त्या संस्थेमागे अमेरिकी उद्योगपती ब्लूमबर्ग यांच्या तंबाखूविरोधी उपक्रमाचा निधी. २ ऑक्टोबर २०१२ पासून वर्षभर सिनेमाआधी व मध्यंतरात ‘मुकेश’ दाखवली गेली. पैसा अमेरिकेचा, चेहरा मात्र शेजारच्या जिल्ह्यातला. म्हणूनच इकडच्या प्रेक्षकाला ती परकी वाटली नसावी.

मोजमापातही हीच भागीदारी आहे. प्रौढांच्या तंबाखूवापराच्या जागतिक पाहणीची भारतातली पहिली फेरी (२००९–१०) आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने, दुसरी (२०१६–१७) टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. दोन्ही संस्था मुंबईत देवनारच्याच. तांत्रिक साहाय्य जागतिक आरोग्य संघटना व अमेरिकी रोगनियंत्रण केंद्राचे. महाराष्ट्रातले वापराचे प्रमाण या काळात ३१.४ वरून २६.६ टक्क्यांवर आले. दुसऱ्या फेरीत ओढणारे ३.८ टक्के, तर खाणारे-लावणारे २४.४ टक्के निघाले.

इथेच आयात केलेल्या साच्याची मर्यादा कळते. जगभरच्या मोहिमांचा मुख्य रोख सिगारेटवर. आपल्याकडे दुखणे पुडीचे. गुटखाबंदी आली ती देशी अन्नसुरक्षा नियमांतून (२०११) : एप्रिल २०१२ मध्ये आधी मध्य प्रदेशात, जुलैत महाराष्ट्रात. बंदीचा हुकूम एका वर्षापुरता असतो, दरवर्षी नव्याने काढावा लागतो. सुगंधित तंबाखू व सुपारीही पुढे त्यात आली. साधी तंबाखू या बंदीत येत नाही; २०१६ पासून तिच्या पाकिटाच्या दर्शनी बाजूचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला असतो, आणि चुन्याची डबी पानठेल्यावर तिच्या शेजारीच मिळते.