बेटावरची शाळा : साहसकथा आणि विज्ञान यांच्या सोयरिकीची कुळकथा

सहावी ते आठवीच्या वयात मुलांच्या हाती एखादी गाजलेली साहसकादंबरी द्यायची आणि त्याच वर्षांत विज्ञानाची पहिली शिस्तशीर ओळख करून द्यायची, ही पद्धत आज जगातल्या अनेक शाळांत रुळलेली आहे. कादंबरी भाषेच्या तासाला, विज्ञान विज्ञानाच्या तासाला. दोन्ही शिक्षक वेगळे, वह्या वेगळ्या, परीक्षाही वेगळ्या. कधी एखादा उत्साही शिक्षक दोन्ही एकत्र आणतो, तेव्हा त्याचं समर्थन ठरलेलं असतं: विज्ञान कोरडं आहे, गोष्ट गोड आहे, म्हणून कडू औषधाबरोबर गुळाचा खडा. या समर्थनाला इतिहासाचा आधार नाही. साहसकथा आणि विज्ञान एकत्र आले ते मुलांना गोडी लावण्यासाठी नव्हे. ज्ञान माणसाला मुळात का लागतं, या प्रश्नाचं उत्तर मुलांना अनुभवता यावं, म्हणून ही सोयरीक जुळली. गुळाचा खडा नंतर आला, आणि तो आला तिथे ही जोडी निस्तेज झाली. हा फरक कुळकथेतच नीट दिसतो.

या घराण्याचा मूळपुरुष युरोपच्या पश्चिम टोकाला, अरबी भाषेत सापडतो. बाराव्या शतकात अंदालुसियातल्या इब्न तुफैल या वैद्य-तत्त्वज्ञाने ‘हय्य इब्न यक्झान’ ही कथा लिहिली. निर्जन बेटावर एका हरिणीने वाढवलेला मुलगा, त्याला ना गुरू ना ग्रंथ. हरिणी निपचित पडते तेव्हा तो तिची छाती उघडून पाहतो. कालपर्यंत हिला चालवणारं जे होतं ते कुठे गेलं, हे त्याला शोधायचं असतं. शरीरशास्त्राचा पहिला धडा इथे जिज्ञासेपोटी येत नाही, आई गमावल्याच्या आकांतातून येतो. मग तो आगीचा, वनस्पतींचा, ताऱ्यांच्या गतीचा विचार करत जातो. एडवर्ड पोकॉक याने १६७१ साली ही कथा लॅटिन भाषांतरासह छापली आणि १७०८ साली सायमन ऑकलीने ती अरबीतून इंग्रजीत आणली. त्यानंतर ११ वर्षांनी, १७१९ साली, डॅनिएल डीफोचा ‘रॉबिन्सन क्रूसो’ प्रसिद्ध झाला. डीफोने हय्यची कथा वाचली होती असं खात्रीने सांगता येत नाही. त्याच्यासमोर अलेक्झांडर सेलकर्क या खलाशाचं ताजं उदाहरण होतं, जो १७०४ ते १७०९ या काळात पॅसिफिकमधल्या एका बेटावर चार वर्षांहून अधिक काळ एकटा राहिला होता. पण एकटा माणूस, बेट आणि शून्यातून उभं राहणारं ज्ञान हा साचा तोवर इंग्रजी वाचकाच्या ओळखीचा झालेला होता.

‘क्रूसो’त विज्ञानाचे धडे नाहीत, पण वैज्ञानिक विचाराची दोन अस्सल प्रकरणं आहेत. बेटावर अचानक जवाचे कोंब दिसतात तेव्हा क्रूसोला तो दैवी चमत्कार वाटतो. मग आठवतं की आपणच इथे कोंबड्यांच्या दाण्याची पिशवी झटकली होती. चमत्काराची जागा कारण घेतं, आणि कारण कळल्यामुळेच तो पुढच्या मोसमात पेरणी करू शकतो. त्यातही पहिल्यांदा चुकीच्या हंगामात पेरल्याने काही बी वाया जातं आणि बेटावरचा पावसाळा-उन्हाळा तो त्या नुकसानीतून शिकतो. दुसरं प्रकरण मडक्यांचं. उन्हात वाळवलेल्या भांड्यांत पाणी टिकत नाही. एकदा चुलीत पडलेला खापराचा तुकडा दगडासारखा कडक झालेला दिसतो, आणि मग आच किती, किती वेळ, याचे प्रयोग सुरू होतात. निरीक्षण, अंदाज, प्रयोग, चूक, दुरुस्ती हा सगळा क्रम इथे आहे, आणि तो कुणी शिकवायचा म्हणून आलेला नाही. पातळ पदार्थ शिजवायला भांडं हवं आहे, एवढंच त्याचं कारण आहे.

हे पहिल्यांदा ओळखलं ते रूसोने. १७६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एमील’ या शिक्षणावरच्या पुस्तकाच्या तिसऱ्या भागात बारा ते पंधरा वर्षांच्या मुलाचं शिक्षण येतं, म्हणजे नेमकं आपल्या माध्यमिकच्या उंबरठ्यावरचं वय. रूसोचा एकूण पुस्तकांवरच राग होता. तरी या वयाच्या मुलाला तो एक पुस्तक देतो, आणि ते ॲरिस्टॉटलचं नाही, प्लिनीचं नाही, बुफोंचंही नाही. ते आहे ‘रॉबिन्सन क्रूसो’. त्याच भागात विज्ञानही आहे. मोंमोरन्सीच्या जंगलात वाट चुकलेल्या, भुकेल्या मुलाला भर दुपारी सावलीवरून उत्तर दिशा ओळखून गाव शोधावं लागतं. जत्रेतल्या गारुड्याचं मेणाचं बदक भाकरीच्या तुकड्यामागे का पोहतं, हे उलगडताना चुंबक आणि मग होकायंत्र समजतं. कादंबरी आणि हे धडे एकाच भागात, एकाच वयासाठी आले हा योगायोग नाही. रूसोचा युक्तिवाद असा की या वयात मुलाची ताकद त्याच्या गरजांपेक्षा जास्त असते, आणि ती ताकद ज्ञानाकडे वळवायची तर ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न त्याच्या मनात खराखुरा उभा राहायला हवा. समाजात तो उभा राहत नाही, कारण भाकरी, दिवा, दिशा सगळं दुसऱ्याने आयतं दिलेलं असतं. बेट ही आयती व्यवस्था काढून घेतं. म्हणजे रूसोच्या हातात कादंबरी हे एक उपकरण आहे. प्रयोगशाळेत हवा काढून घेतलेल्या काचपात्राने जे साधतं, ते इथे समाज काढून घेतलेल्या बेटाने साधतं.

पुढे या घराण्याच्या दोन शाखा झाल्या. जर्मनीत योआखिम हाइनरिख काम्पे या शिक्षकाने १७७९-८० मध्ये ‘धाकटा रॉबिन्सन’ लिहिला. हुम्बोल्ट कुटुंबात काही काळ गृहशिक्षक असलेल्या काम्पेने डीफोच्या रचनेतली एक फट हेरली होती. क्रूसो बुडालेल्या जहाजातून कुऱ्हाडी, करवती, बंदुका, दाणे सगळं किनाऱ्यावर आणतो, मग गरज कसली? म्हणून काम्पेने आपल्या रॉबिन्सनला आधी रिकाम्या हातांनी ठेवलं, मग सोबती दिला आणि शेवटी युरोपी अवजारं. शिवाय ही गोष्ट एक बाप मुलांना सांगतो आहे आणि मुलं मध्येच थांबवून प्रश्न विचारताहेत, अशी मांडणी केली. गोष्ट थांबवून विचार करायला लावणं ही वर्गातली युक्ती इथे छापील रूपात दिसते. दुसरी शाखा स्वित्झर्लंडमधली. बर्नचे धर्मोपदेशक योहान डाव्हिड वीस यांनी आपल्या चार मुलांसाठी रचलेली ‘स्विस फॅमिली रॉबिन्सन’ त्यांच्या मुलाने १८१२ साली प्रसिद्ध केली. हे पुस्तक अतिशय लोकप्रिय झालं, पण इथे गरजेची जागा माहितीने घेतली. एकाच बेटावर पेंग्विन, कांगारू आणि शहामृग भेटतात, कारण बापाला त्या प्रत्येकाविषयी मुलांना काही सांगायचं आहे. प्राणी पात्राच्या वाटेत आलेला नाही, धड्याच्या वाटेत आलेला आहे. गुळाचा खडा जन्मला तो इथे.

दोन्ही शाखा एकत्र आल्या पॅरिसमध्ये. प्रकाशक पिएर-ज्यूल हेत्झेलने शिक्षणप्रसारक झां मासे याच्याबरोबर १८६४ साली शिक्षण आणि रंजन अशी दोन्ही उद्दिष्टं नावातच असलेलं मासिक काढलं. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या त्यात क्रमशः येऊ लागल्या, आणि १८६६ साली हेत्झेलने जाहीर केलं की आधुनिक विज्ञानाने जमवलेलं भूगोल, भूगर्भ, पदार्थविज्ञान आणि खगोल यांचं सारं ज्ञान या मालिकेतून मांडायचं आहे. या घोषणेत धोका होता, आणि व्हर्नच्या पुस्तकांत तो जाणवतोही. माशांच्या आणि वनस्पतींच्या याद्या पानंच्या पानं चालतात आणि वाचणारा मुलगा त्या सरळ ओलांडतो. पण १८७४-७५ मधली ‘द मिस्टीरियस आयलंड’ पाहा. बलूनमधून बेटावर पडलेल्या पाच जणांजवळ जवळपास काही नाही. अभियंता सायरस स्मिथ घड्याळांच्या दोन काचा जोडतो, मध्ये पाणी भरतो, कडा मातीने लिंपतो आणि त्या भिंगाने आग पेटवतो. कड्याची उंची मोजायची तर बारा फुटांची काठी दोन फूट वाळूत रोवतो. काठीचं टोक आणि कड्याचं टोक एका रेषेत दिसतात तिथून काठी १५ फुटांवर आणि कडा ५०० फुटांवर आहे. काठी १० फूट उरली, म्हणून कडा सुमारे ३३३ फूट. सोबतच्या १५ वर्षांच्या मुलाला हे समरूप त्रिकोण इथेच समजतात. हा हिशेब कोणी ओलांडत नाही, कारण पुढचं सगळं बेट त्यावर उभं राहायचं असतं.

मराठीत हा वारसा लवकर पोहोचला. १९०० साली ‘केरळ कोकिळ’ मासिकात व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचा मराठी अवतार क्रमशः येऊ लागला, आणि मराठी विज्ञानकथेचा आरंभ बहुधा तिथूनच मोजतात. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या घरात आणला. व्हर्नचा कप्तान नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र आणि १८५७च्या उठावातला लढवय्या असल्याचं ‘मिस्टीरियस आयलंड’च्या शेवटी उघड होतं; तेव्हा या कथांशी आपलं नातं केवळ भाषांतराचं उरत नाही.

शाळेने मात्र या जोडीचं काय केलं? फ्रान्समध्ये १८७७ साली आलेलं ‘दोन मुलांची फ्रान्सयात्रा’ हे क्रमिक पुस्तक लाखोंनी खपलं. दोन अनाथ भावंडांच्या प्रवासात शेती, कारखाने, शोधक, आरोग्य सगळं शिकवलं जातं. पण मुलांना ते ठाऊक नसतं तर प्रवास अडला असता असं क्वचितच घडतं. याच्या उलट उदाहरण अमेरिकेतलं. १९८४ साली बँक स्ट्रीट कॉलेजने ‘व्हॉयेज ऑफ द मिमी’ ही दूरचित्रवाणी मालिका चौथी ते आठवीच्या विज्ञान-गणितासाठी तयार केली. देवमाशांच्या अभ्यासाला निघालेलं जहाज वादळात सापडतं, मंडळी बेटावर अडकतात, गारठलेल्या कप्तानाला ऊब द्यावी लागते आणि पिण्याचं पाणी बाष्पीभवनाने मिळवावं लागतं. शंभरहून अधिक वर्षांनी शिक्षणतज्ज्ञ पुन्हा बेटावरच येऊन पोहोचले, कारण गरज निर्माण करण्याची त्याहून चांगली जागा त्यांना सापडली नाही.

यावर पहिला आक्षेप असा की या कादंबऱ्यांतलं विज्ञान चुकीचं असतं. असतंच. व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीत तोफेतून गोळा सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेगाने सुटतो आणि तोफ ९०० फूट लांब आहे. नववीच्या सूत्राने हिशेब केला तर आतल्या प्रवाशांवर गुरुत्वाच्या वीस हजार पटींहून जास्त त्वरण येतं, म्हणजे ते जागीच चिरडतील. विल्यम गोल्डिंगच्या १९५४च्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’मध्ये पिगीच्या चष्म्याने आग पेटवतात; पण पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे त्याची भिंगं अंतर्वक्र, आणि अंतर्वक्र भिंग किरण पसरवतं, एकवटत नाही. आक्षेपाचं बळ मान्य करूनही निष्कर्ष उलटा निघतो. पाठ्यपुस्तकातली चूक मुलाला सापडण्याची शक्यता फार कमी असते, कारण ते पुस्तक तपासायला दिलेलंच नसतं. कादंबरीतला दावा मात्र तपासता येतो. पिगीचा चष्मा आणि आजोबांचा वाचायचा चष्मा उन्हात धरून पाहणारा सातवीतला मुलगा भिंगांचा धडा कायमचा शिकतो, आणि छापलेलं सगळं खरं नसतं हेही शिकतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. क्रूसोचं जहाज बुडालं तेव्हा तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलाम आणायला निघालेला होता. बेटाचं स्वामित्व, बेटावर भेटलेल्या फ्रायडेचं दास्य, निसर्ग म्हणजे केवळ साधनसामग्री ही दृष्टी या कथांच्या हाडात आहे. रूसोने कादंबरी जहाज फुटण्यापासून सुटकेपर्यंतच वाचावी असं सुचवलं, पण ते अनावश्यक भाग गाळण्यासाठी; शिवाय त्यानेच मुलींना या शिक्षणाबाहेर ठेवलं. ‘एमील’च्या पाचव्या भागातल्या सोफीच्या वाट्याला ना बेट येतं ना होकायंत्र. हे झाकून पुस्तक शिकवणं अप्रामाणिक होईल. पण गरजेतून ज्ञान ही पद्धत क्रूसोच्या मालकीची नाही. हय्यची कथा वसाहतवादाच्या आधीची आणि युरोपी सत्तेच्या बाहेरची आहे, नेमोची कथा साम्राज्याविरुद्धची आहे. पुस्तक बदलता येतं, आणि जुनं ठेवलं तर बेटावरचं ज्ञान कोणाच्या श्रमावर उभं होतं हा प्रश्नही त्याच वर्गात विचारता येतो.

तिसरा आक्षेप साहित्याच्या बाजूने येतो: कादंबरीचे असे धडे पाडले की वाचनाचा आनंद मरतो. माहितीसाठी गोष्ट वापरली तर तो मरतोच. ‘स्विस फॅमिली रॉबिन्सन’च्या शाखेचा दोष तोच होता. पण जो हिशेब कथेच्या पोटातच आहे, तो समजून घेणं म्हणजे कथाच समजून घेणं. व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’चा शेवट पूर्वेकडे जाताना दर अंशाला मिळणाऱ्या चार मिनिटांवर उभा आहे, ३६० अंशांची १४४० मिनिटं, म्हणजे अख्खा एक दिवस. ही कादंबरी १८७२ साली आली आणि मूळ रेखावृत्त ठरवणारी आंतरराष्ट्रीय परिषद वॉशिंग्टनला भरली १८८४ साली. ज्या मुलाला हा गुणाकार कळला नाही, त्याला कादंबरीचा शेवट केवळ लेखकाची युक्ती वाटतो. ज्याला कळला त्याला तो अटळ वाटतो. इथे विज्ञान हाच रसग्रहणाचा भाग आहे.

कुळकथेतून शिक्षकाच्या हाती एक साधी कसोटी येते. कादंबरीतला विज्ञानाचा भाग काढून टाकला तर पात्रं अडतील का? अडणार असतील तर तो भाग वर्गात शिकवायचा; अडणार नसतील तर तो वाचून पुढे जायचं. आणि शिकवायचा तो काम्पेच्या पद्धतीने: आग पेटण्याच्या आधी, उंची मोजली जाण्याच्या आधी पुस्तक मिटायचं आणि विचारायचं की तुमच्या हातात एवढंच असतं तर तुम्ही काय केलं असतं. सहावी ते आठवीच्या वेळापत्रकात भाषा आणि सामान्य विज्ञान हे दोन्ही तास आधीपासून आहेत. नव्या विषयाची, नव्या पुस्तकाची गरज नाही. दोन शिक्षकांनी एकच कादंबरी एकाच आठवड्यात उघडायची एवढंच लागतं. अडीचशे वर्षांपूर्वी रूसोने जे एका काल्पनिक मुलासाठी मागितलं होतं, ते आज चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गाला देणं शक्य आहे, आणि मुलींना वगळून नव्हे.