आठवड्याचा हिशेब : प्युरिटन दैनंदिनीचे रूप आणि तिचे वाचन

राल्फ जोसलिन या सतराव्या शतकातील इंग्रज धर्मोपदेशकाची दैनंदिनी 1908 साली प्रथम छापली गेली. संपादक ई. हॉक्लिफ यांनी हस्तलिखिताचा मोठा भाग गाळला. देवाचे पुनःपुन्हा मानलेले आभार, त्याच त्या प्रार्थना, हवामानाच्या नोंदी आणि सर्दीपडशाच्या तक्रारी यांत वाचकाला काही रस असणार नाही, असा त्यांचा निर्वाळा होता. पुढे 1976 मध्ये अॅलन मॅक्फर्लन यांनी संपूर्ण संहिता प्रसिद्ध केली आणि गाळलेला मजकूर वाचकांसमोर आला. तो वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. हॉक्लिफ यांनी ज्याला भरताड मानले तोच या लेखनाचा सांगाडा होता. जे नित्य, ज्यात काही घडत नाही, ते काढून टाकले आणि ज्यात काही घडते तेवढे ठेवले. म्हणजे एका वाङ्मयप्रकाराला दुसऱ्याच वाङ्मयप्रकाराचे निकष लावले गेले. प्रस्तुत लेखात या गाळलेल्या भागाचा विचार करावयाचा आहे.

जोसलिन हा एसेक्स परगण्यातील अर्ल्स कोन या गावचा व्हिकर होता. 1641 पासून 1683 मध्ये मृत्यू येईपर्यंत तो तेथेच राहिला. तो शेती करी, काही काळ शाळाही चालवी. दैनंदिनी म्हटल्यावर रोज लिहिलेली वही आपल्या डोळ्यांपुढे येते. जोसलिनची वही मात्र बव्हंशी साप्ताहिक आहे. रविवार आला की तो मागील सात दिवसांची गोळाबेरीज करतो : घरच्या माणसांची प्रकृती, पाऊसपाणी, पिके, लंडनहून आलेली पार्लमेंटची वार्ता, त्या दिवशीचे प्रवचन आणि स्वतःच्या मनाची अवस्था. हे सारे तो देवाच्या चांगुलपणाच्या खाती मांडतो आणि पुढच्या आठवड्यासाठी काही मागतो. आढावा, शास्त्रचिंतन आणि मागणे ही तीन अंगे कधी दहा ओळींत, तर कधी दोनच ओळींत येतात. चाळीस वर्षे हा साचा फारसा बदललेला नाही.

ही लय आठवड्याचीच का, याचे उत्तर अंशतः पंचांगात आहे. मध्ययुगीन चर्चचे वर्ष संतांच्या दिवसांनी, उपासांनी आणि सणांनी भरलेले होते. प्युरिटनांनी हे सारे मनुष्यनिर्मित म्हणून नाकारले. निकोलस बाउंड याचे शब्बाथविषयक पुस्तक 1595 मध्ये आले आणि रविवारच्या पावित्र्याला सैद्धांतिक बळ मिळाले. 1647 मध्ये तर पार्लमेंटने नाताळासह चर्चचे सणच रद्द ठरविले. वर्षातून असे चढउतार काढून घेतल्यावर धार्मिक काळाचे एकच माप उरले, ते म्हणजे शास्त्राने सांगितलेला सातवा दिवस. आपल्याकडे वारांची व्रते असली तरी भक्तीची मुख्य लय तिथीची, एकादशीची, पक्षाची आहे. त्यामुळे सात दिवसांच्या या एकसुरी आवर्तनाचा भार मराठी वाचकाला चटकन जाणवत नाही.

दुसरे कारण कबुलीचे. रोमन चर्चमध्ये पापाचा उच्चार धर्मगुरूच्या कानी होत असे आणि क्षमेचा शब्द ऐकून माणूस मोकळा होई. धर्मसुधारणेनंतर हा मध्यस्थ दूर झाला. 'द राइझ ऑफ प्युरिटॅनिझम' (1938) या ग्रंथात विल्यम हॅलर यांनी म्हटले आहे, की दैनंदिनी ही प्युरिटनाची कबुलीची जागा झाली. हे मत मान्य करूनही एक भेद सांगितला पाहिजे. कबुलीला उत्तर मिळते, वहीला मिळत नाही. ज्याला उद्देशून ती लिहिलेली असते तो तर सर्व जाणतोच, त्याला वार्ता देण्याचे कारण नाही. मग लिहावयाचे कशासाठी? पुढे कधीतरी परत वाचण्यासाठी. म्हणजे या संहितेचा खरा संबोधित वाचक लेखकच आहे, पण काही महिन्यांनी विसरभोळा झालेला लेखक.

जॉन बीडल या एसेक्समधीलच धर्मोपदेशकाने 1656 मध्ये कृतज्ञ ख्रिस्ती माणसाच्या दैनंदिनीवर एक पुस्तकच लिहिले. त्याचा आधार गणना 33:2 या वचनाचा : इस्राएलाचे मुक्काम मोशेने देवाच्या आज्ञेवरून लिहून ठेवले. पुस्तकाला जोडलेल्या प्रस्तावनापर पत्रात युक्तिवाद मात्र बाजारातून येतो. दुकानदार वही ठेवतो, व्यापारी जमाखर्च ठेवतो, वकील निवाड्यांची नोंद ठेवतो, वैद्य आपल्या प्रयोगांची. मग ख्रिस्ती माणसाने आत्म्याची वही का ठेवू नये? वाळवंटातील मुक्कामांची यादी आणि दुकानाची चोपडी एकाच पुस्तकात शेजारी बसतात, यात या लेखनप्रकाराचे सारे द्वंद्व आले. मुक्कामांच्या यादीला दिशा असते. चोपडीला दिशा नसते, तिला फक्त शिल्लक असते.

आध्यात्मिक हिशेबाची कल्पना केवळ प्युरिटनांची, असे मात्र समजू नये. 1548 मध्ये छापल्या गेलेल्या इग्नाती लोयोलाच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात एका विशिष्ट दोषाच्या परीक्षणासाठी आकृती दिली आहे. आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात जोडरेषा. साधकाने दिवसातून दोनदा आपल्या स्खलनांचे ठिपके त्यांवर द्यावयाचे, दिवसाची तुलना दिवसाशी आणि आठवड्याची आठवड्याशी करावयाची. रेषा उत्तरोत्तर आखूड होत जातात, कारण दोष कमी होतील अशी अपेक्षा आकृतीतच आखून ठेवलेली आहे. (याच येशूसंघाचा फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये गोव्यात उतरला होता.) इग्नातीच्या साधकामागे मार्गदर्शक उभा असतो, प्युरिटन एकटा असतो. पण मोजणीची भूक दोघांचीही सारखीच. जॉन वेस्लीने ऑक्सफर्डमध्ये 1734 पासून तर तासातासाला आपल्या भक्तिभावाला आकडे दिले. ही सांकेतिक लिपीतील वही विसाव्या शतकात रिचर्ड हाइट्झनरेटर यांनी उकलली. वेस्लीची चिकाटी थक्क करणारी आहे हे खरे, पण ती वाचताना माणूस दिसत नाही, तापमापक दिसतो.

या रूपाचा कस लागतो तो जोनाथन एडवर्ड्‌सच्या तरुणपणीच्या वहीत. 1722 च्या अखेरीस न्यूयॉर्कमधील एका लहान मंडळीत उपदेशक असताना, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने दैनंदिनी सुरू केली. याच सुमारास तो आपले संकल्पही लिहीत होता. 1723 पर्यंत त्यांची संख्या सत्तर झाली आणि ते आठवड्यातून एकदा वाचावेत अशी सूचना त्याने प्रारंभीच स्वतःला दिली. सदतिसावा संकल्प रोज रात्री, तसेच आठवड्याच्या, महिन्याच्या आणि वर्षाच्या शेवटी स्वतःची झडती घेण्याचा आहे. न्यू इंग्लंडच्या प्रथेत शब्बाथ शनिवारच्या संध्याकाळी सुरू होई, म्हणजे हिशेब मिटविण्याची वेळही ठरलेली होती. 5 जानेवारी 1723, शनिवार रात्र : या आठवड्याचा हिशेब फार खाली गेला, असे तो नोंदतो आणि लगेच कारणे विचारतो. आळस, निरुत्साह, शास्त्रवाचनातील मंदपणा. या नोंदीआधी तीनच दिवस त्याने लिहिले होते, की कितीही संकल्प करा, कितीही युक्त्या योजा, पवित्र आत्म्याने हलविल्यावाचून सारे व्यर्थ आहे.

या दोन नोंदी एकापुढे एक ठेवून वाचल्या पाहिजेत. कॅल्विनपंथी सिद्धांतानुसार तारण ही निव्वळ कृपा आहे, माणसाच्या खात्यावर जमा होईल असे त्याच्याजवळ काही नाही. मग आकडा कशाचा? मॅक्स वेबरने 1904-05 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दिलेले उत्तर असे, की कृत्यांनी कृपा विकत मिळत नाही, परंतु ती मिळाली असल्याची खूण कृत्यांत शोधता येते. समाजशास्त्राला एवढे पुरेसे असेल. संहितेत मात्र एडवर्ड्‌स बुधवारी ज्या हिशेबाला निरुपयोगी ठरवितो तोच शनिवारी काळजीपूर्वक मांडतो, आणि दोन्ही वेळा तो प्रामाणिक आहे. सलग आत्मचरित्रात ही विसंगती लेखकाने सोडविली असती किंवा लपविली असती. साप्ताहिक नोंदीला ती सोडविण्याची गरज नाही, कारण पुढचा आठवडा अजून आलेला नसतो.

येथे इंग्रजी समीक्षेतील एका सर्वमान्य वंशावळीचा पुनर्विचार करावा लागतो. इयन वॉटच्या 'द राइझ ऑफ द नॉव्हेल' (1957) पासून प्युरिटन आत्मपरीक्षण हे कादंबरीचे एक उगमस्थान मानले जाते. पुढे स्टार आणि हंटर यांनी डीफोच्या संदर्भात हे सूत्र अधिक बारकाईने मांडले. रॉबिन्सन क्रूसो (1719) बेटावर रोजनिशी लिहितो, आपल्या स्थितीतील बरेवाईट जमाखर्चासारखे समोरासमोर मांडतो. तेव्हा वंशावळ खोटी नाही. पण क्रूसोची सुटका होणार असते आणि डीफोला ते ठाऊक असते. जोसलिनला काहीच ठाऊक नसते. फेब्रुवारी 1648 मध्ये त्याचे दहा दिवसांचे मूल गेले. हा घाव कोणत्या अपराधाबद्दल, हे शोधताना त्याला आपण अवेळी बुद्धिबळ खेळलो हे आठवते. आधुनिक वाचकाला हे विपरीत वाटते. मलाही पहिल्या वाचनात चीड आली होती. परंतु नंतरची पाने वाचल्यावर दिसते, की या दोषारोपावर त्याने कथा उभारलेली नाही. पुढच्या रविवारी पुन्हा प्रकृती, पाऊस, प्रवचन. 1650 च्या मे महिन्यात आठ वर्षांची मेरी गेली. तिच्याविषयी तो हळुवारपणे लिहितो, आणि वही पुन्हा आपल्या चालीवर येते. शोक विसरला गेला असा याचा अर्थ नव्हे. शोकाला शेवट देण्याचा अधिकार या रूपाने लेखकाला दिलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

उलट, नोंदींना कोणी शेवट दिला म्हणजे काय होते, हे खुद्द एडवर्ड्‌सनेच दाखविले. डेव्हिड ब्रेनर्ड हा तरुण मिशनरी 1747 मध्ये एडवर्ड्‌सच्या घरी वारला आणि त्याच्या दैनंदिनीवरून एडवर्ड्‌सने 1749 मध्ये त्याचे चरित्र सिद्ध केले. ब्रेनर्डच्या खिन्नतेला दोष म्हणून बाजूला काढून, काही गाळून, काही सावरून त्याने एक आदर्श घडविला. हे पुस्तक विल्यम कॅरीने उराशी बाळगले. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी 1805 मध्ये केलेल्या करारात अमेरिकेच्या रानातील ब्रेनर्डचे स्मरण करण्यास सांगितले आहे, आणि तो करार वर्षातून तीनदा प्रत्येक ठाण्यावर वाचावयाचा होता. त्याच वर्षी कॅरीचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले, हा योगायोग आपल्यापुरता नोंदवून ठेवावा. न्यू इंग्लंडच्या याच परंपरेत वाढलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट 1813 मध्ये मुंबईत आले. अमेरिकन बोर्डाचे मिशनरी आपल्या रोजनिश्या संस्थेकडे पाठवीत आणि त्यांतील उतारे तिकडच्या मासिकात छापले जात. येथे वहीचा वाचक बदलला. देवासमोर आणि स्वतःसमोर लिहिलेली नोंद वर्गणीदारांसमोर गेली, आणि अशा नोंदीत 'या आठवड्यात काहीच झाले नाही' असे लिहिणे अवघड होते.

मराठी ख्रिस्ती आत्मपर लेखनाचा विषय निघाला की आपण बाबा पदमनजींच्या 'अरुणोदया'कडे (1888) आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'कडे वळतो, आणि ते योग्यच आहे. पण दोन्ही पुस्तके मागे वळून लिहिलेली आहेत. पदमनजींच्या पुस्तकाच्या नावातच रात्र सरल्याची खात्री आहे. ही खात्री ज्या वहीत नसते तिचे वाचन कसे करावे, याची सवय आपल्या समीक्षेला अद्याप लावून घ्यावी लागेल. हिशेबाची प्रतिमा मात्र आपल्याला परकी नाही. आपण दिवाळीत वह्यांची पूजा करतो, आणि वाण्याच्या कुळात जन्मलेल्या तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविल्याची कथा परंपरा सांगते. वही बुडविणे ही भक्ती आणि वही ठेवणे ही भक्ती, यांतील अंतर केवळ धर्मांतील अंतर म्हणून सोडून देता येणार नाही.

बेंजामिन फ्रँक्लिनने हा तक्ता धर्मातून बाहेर काढला. तेरा सद्‌गुण, प्रत्येकाला एक आठवडा, वर्षातून चार आवर्तने. नम्रतेचा गुण त्याने एका मित्राच्या टोमण्यावरून मागाहून जोडला. तक्ता चोख आहे, परंतु त्याला ऐकणारा कोणी उरलेला नाही. आजच्या नियोजनवह्या त्याच्याच वंशातल्या.

लेखकांमध्ये सारेच धर्मोपदेशक नव्हते. यॉर्कशरची लेडी मार्गरेट होबी हिची 1599 ते 1605 मधील वही इंग्रज स्त्रीची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी दैनंदिनी मानली जाते. खाजगी प्रार्थना, ऐकलेल्या प्रवचनांची टिपणे, गावकऱ्यांच्या जखमा बांधणे आणि घरकाम हे सारे ती एकाच दमात लिहिते. आणि लंडनच्या ईस्टचीप भागातील नीहिमाया वॉलिंग्टन तर कातारी होता, लाकूड चरकावर धरून पोट भरणारा. तरुणपणी आत्महत्येच्या विचारांनी तो पछाडलेला होता. त्याने स्वतःसाठी नियम लिहिले आणि नियम मोडला की गरिबांच्या पेटीत दंड टाकण्याचे ठरविले. नियम मोडत राहिले, वह्या वाढत राहिल्या. 1654 मध्ये त्याने त्या साऱ्या काढून त्यांची यादी केली. पन्नास भरल्या. त्यांतील सात आज उपलब्ध आहेत. उरलेल्यांत काय होते याचा थोडाफार पत्ता त्या यादीवरूनच लागतो.