फौजीचा पगार आणि पोटगीची दोन दारं

सातारा-कोल्हापूरकडे गावोगावी फौजी भेटतो. त्याच्या शौर्याच्या गोष्टी आपण ऐकतोच. आज मी त्याच्या पगाराची गोष्ट सांगणार आहे. नवरा-बायकोचं बिनसलं आणि त्याने घरी पैसे पाठवणं थांबवलं, तर तिने दाद मागायची कुठे?

सुरुवात इंग्रजांच्या काळात. कर्ज थकलं की सावकार कोर्टात जायचा आणि जप्ती यायची. पण १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने हिंदी शिपायाच्या पगाराला हात लावू दिला नाही. मला यामागचा हिशोब सरळ दिसतो: बंदूक धरणारा माणूस कर्जाच्या कटकटीत अडकायला नको. स्वातंत्र्यानंतर १९५० चा आर्मी ॲक्ट आला, तरी ही भिंत राहिलीच. कलम २८ सांगतं की दिवाणी किंवा महसूल कोर्ट सैनिकाच्या पगार-भत्त्यांवर टाच आणू शकत नाही.

भिंत सावकारासाठी बांधली, पण तिच्याबाहेर बायकोही उभी राहिली ना!

म्हणून त्याच कायद्यात एक दार ठेवलंय. अधिकाऱ्यांसाठी कलम ९०, जवानांसाठी ९१. बायको-मुलांच्या पोटगीची रक्कम लष्कर थेट पगारातून कापू शकतं. मूल औरस की अनौरस, हाही भेद नाही. १९५० साली लिहिलेलं आहे हे! फक्त किल्ली कोर्टाकडे नाही. ती केंद्र सरकारकडे किंवा नेमून दिलेल्या अधिकाऱ्याकडे. २००१ च्या आर्मी ऑर्डरप्रमाणे ही कपात पगार-भत्त्यांच्या ३३ टक्क्यांपर्यंतच. त्यात बायकोसाठी जास्तीत जास्त २२ टक्के, प्रत्येक मुलासाठी साडेपाच.

दुसरं दार मॅजिस्ट्रेटचं. ते फौजीच्या बायकोलाही उघडं आहे. १८९८ च्या फौजदारी संहितेत पोटगीची कमाल मर्यादा होती महिना ५० रुपये. १९५५ मध्ये ती ५०० झाली आणि पुढे २००१ पर्यंत तिथेच अडकली! त्या वर्षी मर्यादाच काढून टाकली. आदेश मोडणाऱ्याला तुरुंगही होऊ शकतो.

आता खरी मेख ऐका. आर्मी ॲक्टमधला शब्द आहे 'पत्नी'. घटस्फोटितेचा वेगळा उल्लेख तिथे नाही. मुलांचा आहे. उलट १९७३ च्या फौजदारी संहितेने कलम १२५ मध्ये, पुन्हा लग्न न केलेल्या घटस्फोटितेलाही 'पत्नी'च मानलं. जुलै २०२४ पासून ही तरतूद नव्या संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे.

म्हणजे संसार कागदावर तरी शिल्लक असेल तर लष्कराकडे अर्ज करता येतो. घटस्फोट झाला की स्वतःसाठी कोर्टाचीच पायरी. माझ्या मते हा फरक सही करण्याआधीच तिला कुणीतरी सांगायला हवा. तुमच्या गावात कुणी ताई अशी अडकली असेल, तर हा भाग तिला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!