कापरेकर स्थिरांक (६१७४)

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी शोधलेला चार अंकी स्थिरांक. कापरेकरांचा जन्म डहाणूचा, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातला. नोकरी देवळालीच्या शाळेत, १९३० ते १९६२. त्यांच्या डेम्लो संख्यांचे मूळही ठाणे जिल्ह्यातच आहे. जी.आय.पी. रेल्वेवरील डेम्लो, म्हणजे आजचे डोंबिवली, या स्थानकावर त्या त्यांना सुचल्या. १७७६ ही अशी एक संख्या: टोकाच्या १ आणि ६ यांची बेरीज ७, आणि मधे तोच ७ पुन्हा पुन्हा.

६१७४ चे कोडे कापरेकरांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडले. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक आधी उतरत्या, मग चढत्या क्रमाने लिहून मोठीतून लहान संख्या वजा करावी. उत्तरावर पुन्हा तेच करावे. कापरेकरांचेच जन्मवर्ष घेऊ: ९५१० – ०१५९ = ९३५१. पुढची उत्तरे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातवे ६१७४. तिथे पोचल्यावर गाडी हलत नाही, कारण ७६४१ – १४६७ = ६१७४. सातपेक्षा जास्त पायऱ्या कोणत्याही संख्येला लागत नाहीत.

माळशेजच्या वाटेवरील टोकावड्यातल्या मुलालाही, हातच्याची वजाबाकी येत असली, की हे पाटीवर करता येते. मात्र शाळेत ते बहुधा जादू म्हणून दाखवतात आणि कारण सांगायचे राहते. ही मोठीच उणीव होय. कारणही मुलांच्या आवाक्यातले आहे. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतला फरक प आणि मधल्या दोन अंकांतला फरक फ धरला, तर पहिली वजाबाकी नेहमी ९९९ × प + ९० × फ इतकी येते. १९०५ साठी प = ९, फ = ४; म्हणून ८९९१ + ३६० = ९३५१. फ हा प पेक्षा मोठा असू शकत नाही, त्यामुळे शक्य उत्तरे फक्त ५४. हजारो संख्या पहिल्याच वजाबाकीत या ५४ मध्ये येऊन पडतात, आणि ५४ गणिते वर्गातल्या मुलांनी वाटून घेतली तर एका तासात सिद्धता पुरी होते.

मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये कापरेकरांविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर गेले.

तीन अंकांसाठी असा स्थिरांक ४९५ आहे. दोन अंकांत ०९, ८१, ६३, २७, ४५ असे चक्र फिरत राहते. पाच अंकांतही एकच एक स्थिरांक सापडत नाही.